कुणाचं काय हरवलंय का

माझी अक्का गुरम्मा. माझी थोरली बहीण. तिला जाऊन दीड महिना झाला. उदगीरला आमच्या गल्लीत तिला कडक भाकरीवाली अक्का म्हणायचे. तिच्याबद्दल लिहायचं म्हणलं तर भाकरीपासूनच सुरू करावं लागतंय.

आईबाप गेले तवा मी सहा वर्षाचा अन् अक्का सतराची. तिचं लगीन झालतं, पण नवऱ्यानं वर्षात परत पाठवली. कामून पाठवली ते तिनं कधी सांगितलं न्हाई अन् मी इचारलं न्हाई. ज्वारीच्या पातळ भाकरी थापायच्या, तव्यावरून काढून चुलीच्या कडंला उभ्या करून पापडासारख्या कडक करायच्या, अन् टोपलं डोक्यावर घेऊन इकायच्या. त्याच्यावर तिनं मला वाढवलं. मी चौथीत शाळा सोडली तवा तिनं मला उलथन्यानं मारलं होतं. पुढं किराणा दुकान टाकून दिलं तेबी तिनंच. माझं लगीन महादेवीशी तिनंच लावलं. महादेवीला पहिल्या दिवशी म्हणली, "ह्याला उपाशी ठेवू नको, बाकी काय बी कर."

आम्ही लिंगायत. आमच्यात लेकरू पोटात असतानाच त्याच्या नावाचं लिंग बांधत्यात. मग जल्मभर ते गळ्यात. सकाळी आंघोळ झाली की डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, इभूत लावायची, पूजा करायची, अन् त्याच्या आधी तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाई. अलीकडचे लोक एवढं पाळत न्हाईत. मीबी दुकानाच्या घाईत कधी पाळलं कधी न्हाई. अक्कानं अठ्ठ्याहत्तर वर्षात एक दिवस चुकवला न्हाई. तिचं लिंग चांदीच्या डबीत असायचं. त्या डबीला एका बाजूला पोचा आलता. मी ल्हान असताना वरवंटा पाडला होता तिच्यावर.

चार वर्षाखाली अक्का इसरायला लागली. आधी भाकरीत मीठ दोनदा. मग गल्ली. मग माणसं. आमची आई बिदरकडची, तर अक्काला जुनं कानडी आठवायला लागलं अन् मराठी कमी व्हायला लागली. आरशातल्या बाईला भ्यायची, म्हणून महादेवीनं आरशावर टावेल टाकला. अन् माझ्याकडं बघून म्हणायची, "कळ्ळ." कानडीत कळ्ळ म्हणजे चोर. "हा कळ्ळ घरात कसा आला ग?"

महादेवी हसायची. म्हणायची, "अक्का, चोर न्हाई हो, तुमचा माणक्या हाय."

"माणक्या शाळंला गेलाय," अक्का म्हणायची.

मीबी हसायचो. पण ती अशी नजर लावून बघायची की मला दुकानात जाऊन बसावं वाटायचं. ज्या बाईनं तुम्हाला वाढवलं तिनं तुम्हाला भ्यावं, ह्याच्यासारखं भेव दुसरं न्हाई. एक गोष्ट मात्र बराबर राहिली. सकाळी आंघोळ घातली की डावा हात आपोआप पुढं. तेवढा अर्धा तास ती कुणाला भेत नव्हती. अन् मगच पेजेचा घोट घ्यायची.

मागच्या थंडीत एका शनिवारी सकाळी तिला ताप भरला. नुसता ताप न्हाई. डोळे भिरभिर, अंथरुणावरचे किडे येचून राहिली, किडे तर कुठंच नव्हते. कालपर्यंत चालणारी बाई उठंना. आम्ही गाडी करून लातूरला नेली. दवाखान्याचं नाव लिहीत न्हाई. त्यांचा काय गुन्हा न्हाई. गुन्हा कुणाचा ते पुढं येतंय.

डॉक्टर म्हणले, "इसरायचा आजार जुना आहे, हे नवीन वेगळं आहे. लघवीत इन्फेक्शन झालंय, अंगातलं सोडियम उतरलंय, त्यानं हे भरमल्यासारखं झालंय. ह्याला डिलिरियम म्हणतात. औषधानं उतरतं बऱ्याचदा. पण पोटात पाणी, अन्न गेलं पाहिजे."

डोक्याचा फोटो काढायचा होता. अंगावर धातू चालत न्हाई. खालच्या सिस्टरनं नाकातली चमकी, पायातली जोडवी अन् गळ्यातलं लिंग काढलं. ते सगळं रबरी हातमोज्यात टाकलं, हातमोज्याला गाठ मारली अन् माझ्या हातात दिलं. "मामा, सांभाळा." मी ते पिशवीत टाकलं. त्याच पिशवीत कापूस, औषधाचे कागद, उलटी पुसलेले फडके.

वरच्या बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. महादेवी खालच्या मेडिकलला गेलती. सफाईच्या मावशी पिवळी पिशवी घेऊन आल्या, म्हणल्या, "अण्णा, कचरा असंल तर टाका." अक्का ओरडून राहिली होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. उलटीचा वास मारत होता. मी आपली पिशवी उचलली अन् हाय तशी त्यात पालथी केली. सगळं. माझ्या हातानं.

अर्ध्या घंट्यानं आठवलं. पळत बाहेर गेलो. व्हरांड्यात चाकाची गाडी निघाली होती, वर पिवळ्या पिशव्या, गाठी मारलेल्या, धा-पंधरा. ढकलणारा पोरगा माझ्याकडं बघून थांबला. "काय मामा?"

काय सांगू? माझ्या बहिणीचं लिंग ह्या घाणीत टाकलंय, शोधू द्या? लोकाच्या रगता-पुवात? उदगीरात कळलं तर? मठाचे स्वामी काय म्हणतील, महादेवी काय म्हणंल? मी म्हणलं, "काय न्हाई. जा."

तो गेला. लिफ्टचं दार लागलं. तेवढं दार लागलेलं मला अजून दिसतंय.

त्याच दिवशी दुपारी त्या मावशी परत वॉर्डात आल्या. नाव कमलम्मा, निलंग्याकडच्या, जाड भिंगाचा चष्मा. प्रत्येक खाटंपाशी थांबून इचारून राहिल्या, "कुणाचं काय हरवलंय का?" काय ते सांगत नव्हत्या. माझ्यापाशी आल्या. "अण्णा, तुमचं काय हरवलंय का?"

मला वाटलं, ह्यांना मालूम झालंय. कुणीतरी बघितलंय अन् आता सगळ्या वॉर्डासमोर माझी इज्जत काढणार. मी मान हालवली. "न्हाई. आमचं काय न्हाई."

त्या पुढच्या खाटंवर गेल्या.

महादेवीनं इचारलं, "अक्काचं लिंग कुठाय?" मी म्हणलं माझ्यापाशी हाय, इथं गळ्यात घालायचं न्हाई म्हणलेत. ती म्हणली, "हातात तरी देऊ की. पूजेबिगर पाणी घ्यायची न्हाई ती." मी तिच्यावर खेकसलो. "डॉक्टर तू का मी?" लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, असा कधी बोललो नव्हतो.

रविवारी सकाळी अक्कानं तोंड मिटून घेतलं. पाणी लावलं तर, "नीर ब्याड." पाणी नको. पेज लावली, थुंकली. अन् हात सारखे छातीवर. उजव्या हातानं गळ्यापाशी चाचपायची, सलाईनची नळी हाती लागली की वढायची. दोनदा सलाईन काढलं, अंथरूण रगतानं भिजलं. मग सिस्टरांनी बँडेजनं दोन्ही मनगटं खाटंच्या दांड्याला बांधली. जी बाई कुणापुढं वाकली न्हाई तिला जनावरासारखं बांधलेलं मी बघत बसलो. ती मला बघून ओरडली, "कळ्ळ! कळ्ळ! नन्न लिंग कोडो!" चोर, चोर, माझं लिंग दे.

वॉर्डात कानडी येणारी मी अन् महादेवीच. महादेवीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. चार वर्षं झालं चोरच म्हणतीया की."

चार वर्षं ती खोटं म्हणत होती. त्या दिवशी खरं म्हणली. अन् मला एकट्याला ठावं होतं.

सोमवारी सकाळच्या ड्युटीला सिंधु सिस्टर आली. भोकरची पोरगी, पंचविशीची असंल. तिनं आल्या आल्या खिडकीचा पडदा सरकवला. "आजीला दिवस कळू द्या. दिवस-रात एक झाली की माणूस जास्त भितंय." अक्काचा चष्मा महादेवीच्या पिशवीतून काढून घातला. बँडेज सोडलं. मी म्हणलं, "सिस्टर, नळी काढंल ती."

"मी बसते इथं थोडा वेळ. बांधलं की आणखी भेतात, मामा. तुम्हाला बांधलं तर तुम्ही शांत पडाल का?" सलाईनच्या हातावर तिनं अक्काच्याच पातळाची पट्टी गुंडाळली, नळी दिसू नये म्हणून. मग इचारलं, "पाण्याला काय म्हणतात आजी?"

"नीर."

तिनं पेनानं आपल्या तळहातावर लिहिलं. नीर, पाणी. बा, ये. अंजब्याड, भिऊ नको. अन् अक्काच्या उजव्या बाजूला, तिला दिसंल असं बसून, हळू म्हणली, "अज्जी, अंजब्याड." तिचं कानडी ऐकून महादेवीला हसू आलं. अक्का मात्र तिच्याकडं बघत राहिली. ओरडली न्हाई.

"माझे वडील शेषेराव असेच झालते पडल्यावर," सिंधु म्हणली. "चार दिवस घरात रेल्वे आली म्हणायचे. मायला भेव वाटायचं. पण ते हातानं सारखे शिट्टी शोधायचे, पॉइंटमन होते ना. शिट्टी दिली तर झोपले. प्रत्येकाचं काहीतरी असतंय. आजी काय करायच्या?"

महादेवीनं भाकरीचं सांगितलं. सिंधुनं एक टावेल घडी करून अक्काच्या मांडीवर ठेवला. अक्कानं त्याच्यावर थापटलं दोन-चारदा. मग परत हात गळ्याला.

"अन् हे काय शोधतात?"

महादेवी बोलणार तेवढ्यात मी म्हणलं, "काय न्हाई. तिची सवय हाय."

सिंधुनं माझ्याकडं बघितलं. मग टावेलाची घडी नीट केली.

दुपारी डॉक्टर म्हणले, तोंडानं जात नसंल तर उद्या नाकातून नळी घालावी लागंल. अन् नळी घातली की हात बांधलेच पाहिजेत, सारखे. नाकात नळी, हात बांधलेले, गळा रिकामा, तशीच गेली तर? आमच्यात लिंगाबिगर माणूस जाऊ नये. तिनं मला सहा वर्षापासून वाढवलं अन् मी तिला असं घालवणार.

मी कुणाला न सांगता गंजगोलाईच्या बाजारात गेलो. पूजेच्या सामानाच्या दुकानातून नवीन लिंग घेतलं, तसलीच डबी घेतली. दुकानदार म्हणला, "स्वामींकडून संस्कार करून घ्या." मी हाव म्हणलं. संस्कार केला न्हाई. बाथरूमात जाऊन डबी फरशीवर आपटून तिला पोचा पाडला. हेबी लिहितो. एवढं केलं मी.

मंगळवारी सकाळी महादेवी आंघोळीला बाहेरच्या धर्मशाळेत गेली तवा मी डबी अक्काच्या हातात दिली. तिचे डोळे मिटलेले होते. दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं सुटलो. मग तिचा अंगठा पोच्यावर गेला. फिरला. परत फिरला. जी मला वळखत नव्हती, आरशातल्या स्वतःला वळखत नव्हती, तिचा अंगठा वळखत होता. तिनं डोळे उघडले अन् डबी माझ्या तोंडावर फेकली. "नंदल्ल!" माझं न्हाई. अन् असा टाहो फोडला की समोरच्या खाटंवरची बाई रडायला लागली.

सिंधु पळत आली. डबी फरशीवरून उचलली, बघितली. आतल्या कागदावर दुकानाचा शिक्का होता. ती माझ्या कानापाशी येऊन म्हणली, "मामा, हे नवं आहे. आजीचं कुठाय?"

मग माझा बांध फुटला. तिथंच खाली बसलो. सांगितलं. हातमोजा, गाठ, पिवळी पिशवी. मला वाटलं ती ओरडंल. ती म्हणली, "हातमोजा? पिवळ्या पिशवीत?" अन् उठून गेली. जाताना नुसती चालली न्हाई, पळाली.

धा मिनिटांनी कमलम्मा मावशीला घेऊनच आली. मावशी दोन दिवस रजेवर होत्या, त्याच दिवशी कामावर आल्या होत्या. त्यांच्या हातात हातमोजा, गाठ मारलेला, वर चिठ्ठी चिकटवलेली.

मावशी म्हणल्या, "अण्णा, हातमोजे लाल पिशवीत टाकत्यात, पिवळ्यात न्हाई. आधी कात्रीनं कापायचे अन् मग लाल पिशवीत. मी त्यो काढला, कापाया गेले तर जड लागला. चाचपला. मीबी आपल्यातलीच हाय, मला कळंना व्हय? इंचार्ज मॅडमकडं कुलपात ठेवला. काय हाय ते सांगून इचारलं तर कुणीबी माझंच म्हणंल, म्हणून नुसतं हरवलंय का एवढंच इचारलं. तुमाला तोंडावर इचारलं की हो मी! शनिवारीच!"

"हाव," मी म्हणलं.

"न्हाई म्हणलात की."

"हाव."

"आवो मग कामून?"

सिंधुनं त्यांना खांद्याला धरून बाजूला नेलं.

डबी अक्काच्या हातात दिली. अंगठा पोच्यावर गेला अन् थांबला. ती ओरडायची बंद झाली. नळ बंद करावा तशी. डावा हात पुढं केला. सिंधुनं इचारलं, "आता काय लागतंय?" मी म्हणलं, इभूत. मावशीनं आपल्या कमरंच्या पिशवीतून काढून दिली. अक्कानं तीन बोटं कपाळावर सरळ वढली. कितीतरी वेळ तळहाताकडं बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. सिंधुनं चमच्यानं पाणी घातलं. गिळलं. आणखी एक. मग पेज, अर्धी वाटी.

पेज खाऊन झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं अन् मराठीत इचारलं, "चोर सापडला का?"

मी म्हणलं, "सापडला, अक्का."

"जेवला का त्यो?"

मी तिच्या तोंडाला लागलेली पेज पुसली.

"आधी भाकर द्या त्याला," ती म्हणली. "मग मारा."

एवढंच. मला वळखून म्हणली का न्हाई, ते मला सांगता येत न्हाई. नाकातली नळी टळली. हात परत बांधले न्हाईत. महादेवी आंघोळ करून आली तवा अक्काच्या गळ्यात लिंग होतं, ती म्हणली, "दिलं का शेवटी?" मी हाव म्हणलं. सिंधु तिथंच होती. तिनं माझ्याकडं बघितलं अन् सलाईनची बाटली बदलायला लागली.

पण छातीत कफ धरला होता. ते तीन दिवस पडून, बांधून, पाण्याबिगर. डॉक्टर म्हणले, ह्या वयात होतंय, त्या इन्फेक्शननंच झालं असंल. मी इचारलं, आधी खाल्लं असतं तर? ते म्हणले, सांगता येत न्हाई. पुढच्या रविवारी दुपारी अक्का गेली, लिंगैक्य झाली. गळ्यात तिचंच लिंग होतं.

उदगीरला आणली. आमच्यात बसवून मूठमाती देतात. बायकांनी आंघोळ घातली, स्वामींनी डाव्या हातावर लिंग ठेवलं. तवा बाही वर गेली अन् मनगटावरचा काळा वळ सगळ्यांना दिसला. बँडेजचा. महादेवीनं इचारलं, "इतका वळ राहिला व्हय?"

मी म्हणलं, "सलाईनचा असंल."

हे आणखी एक खोटं. आधी मावशीला, मग महादेवीला, सिंधुला, अन् आता हे. तो वळ तसाच मातीत गेला.

आता लोक मला म्हणतात, माणिकप्पा, बहिणीची लई सेवा केलीस. दुकानात येऊन म्हणतात. मी मान हालवतो. तेवढी हालवायची मला चांगली सवय हाय. पण रोज सकाळी लिंग हातावर घेतलं की मला तिचा अंगठा दिसतो, त्या खोट्या पोच्यावर फिरताना. ते नवीन लिंग अजून दुकानात वजनकाट्याच्या मागं फडक्यात हाय. फेकवत न्हाई, ठेववत न्हाई.

महादेवी आत भाकरी करून राहिली. थापल्याचा आवाज येतोय. हे लिहून झालं की मी मोबाईल तिच्यापुढं ठेवणार हाय. ती सावकाश वाचते, एकेक सबुद, ओठ हालवून. शनिवारपाशी येईपर्यंत तिला बराच वेळ लागंल. तेवढा वेळ मला समोर बसावं लागंल. वॉर्डात भेव वाटलं नव्हतं एवढं आता वाटून राहिलं.

थापायचा आवाज थांबला. उठतो.